कंबरेच्या तळाची, एल५-एस१ मणक्यांमधली चकती बाहेर आलीय. ऑपरेशन करावं की थांबावं?

गोदाकाठचा (सोम, २१:१०)

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

वय ४३, नाशिक. अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. निम्मा दिवस उभा, निम्मा खुर्चीत, आणि जायला-यायला मोटरसायकल. दोन महिने होत आले, डाव्या कुल्ल्यातून निघून पोटरीतून थेट करंगळीपर्यंत कळ जाते. कंबर म्हणाल तर फारशी दुखत नाही, सगळं दुखणं पायात. आधी वाटलं चमक भरली असेल. मग एकदा अंघोळीनंतर सटकन शिंक आली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. आता बसलं की पाच मिनिटांत पाय पेटतो. जेवतो ओट्यावर ताट ठेवून, उभ्यानेच. डाव्या पायातला मोजा बायको चढवून देते. रात्री गुडघ्याखाली उशी घेऊन उताणं पडायचं, कूस बदलायची म्हटलं तरी आधी मनाची तयारी करावी लागते.

एमआरआयच्या रिपोर्टात एल५-एस१ ला डावीकडे डिस्क एक्स्ट्रूजन (चकतीतला गर फुटून बाहेर), डावी एस१ नस दबलेली, शिवाय त्याच्या वरच्या एल४-एल५ ला बल्ज (नुसता फुगवटा) असं लिहिलंय. प्रीगाबालिन, मिथाइलकोबालामिन या नसेच्या गोळ्या चालू आहेत, मध्ये थोडे दिवस स्टिरॉइडच्या गोळ्याही झाल्या.

पहिले सर्जन म्हणाले, मायक्रोडिसेक्टमी (छोट्या छेदातून चकतीचा बाहेर आलेला तुकडा काढायचं ऑपरेशन) करून मोकळे व्हा. दुसरे म्हणाले, अजून महिनाभर थांबा, बहुतेकांचं आपोआप शमतं. दोघंही अनुभवी, दोघंही नीट वेळ देऊन बोलले, म्हणूनच पंचाईत झालीय. वडील म्हणतात पाठीला सुरी लागली की माणूस कायमचा खाटेला. बायको म्हणते तुमचं रात्रीचं कण्हणं ऐकवत नाही, करून टाका एकदाचं.

ज्यांनी केलं आणि ज्यांनी टाळलं, दोघांनीही लिहा.

बापू_करवीर (सोम, २१:२५)

करून टाक भावा, भ्यायचं काय त्यात. माझं २०१९ ला झालंय, एल४-एल५. सकाळी आत घेतलं, संध्याकाळी नर्सबाईंचा हात धरून चालत संडासला गेलो. भूल उतरल्यावर पायातली कळ शोधून सापडंना. आता ऊसतोड सोडली तर समदं करतोय.

चहाटळ (सोम, २१:३१)

बापू, ऊसतोड आधी तरी कधी केली होतीस?

बापू_करवीर (सोम, २१:३३)

गप की रं. पेशंट माणसाचा धागा हाय.

निशिगंधा_के (सोम, २२:०५)

मी थांबले होते, म्हणून दुसरी बाजू लिहिते.

माझंही एक्स्ट्रूजनच, एल५-एस१, उजवीकडे. मुलगी तेव्हा दीड वर्षाची. तिला खाली वाकून उचलता यायचं नाही, मग ती पलंगावर चढून उभी राहायची आणि तिथून माझ्या कडेवर यायची. रात्री दोन-अडीचला बाल्कनीत फेऱ्या मारायचे, कारण चालताना त्यातल्या त्यात बरं वाटायचं. मणक्यात इंजेक्शन घेतलं, त्याने जेमतेम महिनाभर आराम पडला, पण त्या महिन्यात झोप मिळाली आणि व्यायाम सुरू करता आला. चौथ्या महिन्याच्या सुमाराला दुखणं पोटरीतून वर सरकायला लागलं, मग नुसत्या कुल्ल्यात राहिलं, मग गेलं. वर्षाने दुसऱ्या कारणासाठी एमआरआय झाला, तर बाहेर आलेला तुकडा जवळपास दिसेनासा झालेला.

पण एक प्रामाणिकपणे सांगते. मला थांबणं परवडलं, कारण ऑफिसने घरून काम करू दिलं आणि सासूबाई घरात होत्या. रोज नाशिकच्या खड्ड्यांतून मोटरसायकल हाणायची असती तर मी किती थांबले असते, देव जाणे.

खडूस_मास्तर (सोम, २३:१२)

दोन्ही सर्जन आपापल्या जागी बरोबर असू शकतात. या प्रश्नावर लोकांनी पुष्कळ खल केलेला आहे.

नेदरलँड्समध्ये २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ६ ते १२ आठवडे सायटिकाने (नस दबून पायात जाणाऱ्या कळेने) बेजार झालेले २८३ रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला लवकर ऑपरेशन, दुसऱ्याला गोळ्या-व्यायाम करत थांबायचं, अगदीच असह्य झालं तर मग ऑपरेशन. लवकर ऑपरेशनवाल्यांना आराम लवकर पडला, यात वाद नाही. पण वर्ष संपताना दोन्ही गटांत ९५ टक्के लोक म्हणत होते की आम्ही बरे झालो. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र त्या वर्षात ऑपरेशन करावं लागलं.

नॉर्वेतला १९८३ चा त्याहून जुना अभ्यास आहे, १२६ रुग्णांचा. तिथेही तेच चित्र. एका वर्षाला ऑपरेशनवाले पुढे, चार वर्षांनी फरक नावापुरता, दहा वर्षांनी तोही नाही.

म्हणजे तुमचा प्रश्न ‘बरा होईन का’ असा नाहीच. पुढचे काही महिने कसे काढायचे, असा आहे.

बापू_करवीर (सोम, २३:२०)

मास्तर, ३९ टक्क्यांना शेवटी करावंच लागलं म्हंजे त्यांनी मधले महिने उगाच सोसलं न्हवं?

निशिगंधा_के (सोम, २३:२६)

आणि ६१ टक्क्यांचं टळलं, ते?

खडूस_मास्तर (सोम, २३:३४)

दोघंही बरोबर. तुम्ही ६१ मधले की ३९ मधले, हे आधी सांगता येत नाही, हीच तर गोम आहे.

सुलभा_काकू (मंगळ, ०७:४०)

गोदाकाठचा, ऑपरेशनची घाई नको रे बाबा. आमच्या ह्यांना चांगल्या वैद्यांकडे कटिबस्ती आणि पंचकर्म केलं, खूप फरक पडला. आणि गादीवर झोपू नकोस, जमिनीवर सतरंजी टाकून झोप. आमच्या सासऱ्यांनी जन्मभर फळीवर झोपून काढलं, शेवटपर्यंत ताठ होते.

वऱ्हाडी_ठेचा (मंगळ, ०८:१५)

काकू, कटिबस्तीले माझा विरोध नाही, शेक बसते, बरं वाटते. पण ते खांद्यावर घेऊन झटके देणारे हाडवैद्य असतात न, त्यायच्यापासून मात्र लांब राहा भौ. आमच्या काकाले एकानं असा हिसका देल्ला का गेला होता चालत, आणला उचलून.

खडूस_मास्तर (मंगळ, ०८:४०)

अवांतर: कडक बिछान्याबद्दल. २००३ साली लॅन्सेटमध्ये स्पेनमधला अभ्यास आला होता, जुनाट कंबरदुखीचे ३१३ लोक. निम्म्यांना कडक गादी, निम्म्यांना मध्यम. मध्यमवाल्यांना जास्त आराम पडला. काकूंच्या सासऱ्यांबद्दल आदर आहेच.

सुलभा_काकू (मंगळ, ०९:०२)

मास्तर, आमचे सासरे स्पेनला गेले नव्हते.

चहाटळ (मंगळ, ०९:०४)

काकू एक, मास्तर शून्य.

टेकडीवरचा (मंगळ, १३:२०)

माझी दोन ऑपरेशनं झालीत, त्यामुळे मी कुठल्याच बाजूचा प्रचारक नाही.

पहिलं झालं तेव्हा बापूंसारखंच, संध्याकाळी कळ गायब. दीड महिन्यांनी चपला घालायला किंचित वाकलो आणि तीच कळ, तोच पाय. पुन्हा एमआरआय, पुन्हा त्याच जागी तुकडा बाहेर. शंभरातल्या पाच ते पंधरा जणांना असं होतं, असं तेव्हा सर्जननी सांगितलं. चकतीच्या ज्या फटीतून माल बाहेर आला ती फट ऑपरेशनमध्ये शिवून बंद करत नाहीत. बाहेर आलेला आणि सुटा झालेला भाग काढतात, नस मोकळी करतात, बस. फुटलेल्या करंजीच्या बाहेर आलेलं सारण उचलून घ्यावं तसं. आत उरलेलं आतच असतं.

दुसऱ्यांदा झाल्यावर आता पाच वर्षं ठीक आहे. पाय उत्तम. कंबर मात्र लांबच्या प्रवासानंतर धरतेच. मायक्रोडिसेक्टमी पायासाठी असते, कंबरेसाठी नाही, हे आधी नीट समजून घ्या. तुमचं दुखणं पायातच आहे म्हणताय, म्हणजे त्या दृष्टीने तुम्ही योग्य उमेदवार. ज्यांची नुसती कंबर दुखते आणि रिपोर्टात बल्ज दिसतो, त्यांनी ऑपरेशनच्या वाटेला जाताना दहादा विचार करावा.

आणि सिगरेट ओढत असाल तर सोडा. माझ्या सर्जननी दुसऱ्या वेळी तीच अट घातली होती.

निशिगंधा_के (मंगळ, १३:४५)

बल्जबद्दल +१. रिपोर्ट वाचून लोक अर्धे खचतात.

खडूस_मास्तर (मंगळ, १४:३०)

१९९४ साली अमेरिकेत ९८ अशा माणसांचे एमआरआय काढले होते, ज्यांची पाठ अजिबात दुखत नव्हती. निम्म्याहून जास्त लोकांच्या कुठल्या ना कुठल्या चकतीला फुगवटा होता. त्यामुळे तुमच्या एल४-एल५ च्या बल्जकडे बघून कुणी ‘तेही सोबत उरकून टाकू’ म्हणालं, तर उठून या.

एक्स्ट्रूजनचं मात्र वेगळं. ९८ जणांत ते एकालाच होतं. शिवाय तुमच्या बाबतीत रिपोर्टातली नस आणि दुखणारी जागा जुळतेय. एस१ ची कळ करंगळीकडेच जाते.

साधा_माणूस_ठाणे (मंगळ, १६:१०)

माझ्या भावाला पहिल्याच भेटीत स्क्रू-पट्ट्या टाकून मणके जोडायला सांगितलं होतं. वय ३६, पहिल्यांदाच डिस्क. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. दुसरीकडे दाखवलं तर ते सर्जन म्हणाले, मणका जागेवरून सरकत नाही, मग जोडायचा कशाला? दुर्बिणीतून तुकडा काढला, आज तीन वर्षं झाली. फ्यूजन सांगितलं तर ‘का’ हे नक्की विचारा. मणका अस्थिर असेल, एक मणका दुसऱ्यावर सरकला असेल, तर गोष्ट वेगळी.

चहाटळ (मंगळ, १६:२२)

गोल्फवाल्या टायगर वुड्सने २०१४ आणि २०१५ मिळून तीन डिसेक्टमी केल्या, २०१७ ला फ्यूजन केलं आणि २०१९ ला मास्टर्स जिंकली. तेव्हा स्क्रूंना अगदीच नावं ठेवू नका.

टेकडीवरचा (मंगळ, १६:४०)

तीन करूनही भागलं नाही म्हणून चौथं फ्यूजनचं झालं, हे वाक्य उलटं वाचून बघ. आणि त्याला गोल्फ खेळायचा होता, आपल्याला नाशिकचं द्वारका सर्कल ओलांडायचंय.

अनिवासी_अण्णा (मंगळ, १८:०५)

इकडे इंग्लंडात, लीड्समध्ये मला कुणी विचारलंच नाही ऑपरेशन करायचं का म्हणून. जीपीने (इथला फॅमिली डॉक्टर) पाय उचलून बघितला, पायाची बोटं वर-खाली करायला लावली, गुडघ्या-घोट्यावर हातोडी मारली आणि फिजिओकडे पाठवलं. एमआरआय मागितला तर म्हणाला, रिपोर्ट बघून आज उपचार बदलणार आहे का? नाही ना, मग नको. प्रीगाबालिनही देईना. इथल्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सायटिकासाठी ते औषध सुरू करू नका असं आहे. तुम्ही घेत असाल तर मनाने एकदम बंद करू नका मात्र, डॉक्टरला विचारून हळूहळू कमी करतात.

तेव्हा राग आला होता. आपल्याकडे कसं, सकाळी दुखलं की संध्याकाळी फिल्म हातात. पण तोवर माझं बरंही होत गेलं, त्यामुळे भांडायला कारण उरलं नाही.

वऱ्हाडी_ठेचा (मंगळ, १८:३०)

अण्णा, तिकडं फुकट हाय म्हणून थांबवतेत. इकडं पैसे मोजावं लागतेत म्हणून घाई करतेत. पेशंट दोन्हीकडं सारखाच बोंबलते.

मीरा_फिजिओ (मंगळ, २१:५०)

उशिरा बघितला धागा. गोदाकाठचा दादा, दुखण्याबद्दल तुम्ही भरपूर लिहिलंत, ताकदीबद्दल एक अक्षर नाही. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे, म्हणून विचारते.

भिंतीला नुसती बोटं टेकवून एका पायावर उभे राहा आणि टाच उचला. आधी उजवी, सलग दहा-पंधरा वेळा. मग डावी. किती वेळा जमतंय ते लिहा. मग टाचांवर चालून बघा, पंजे वर धरून.

दुसरं, लाजू नका. लघवी सुरू व्हायला वेळ लागतोय का? झाली तरी कळत नाही असं होतंय का? सायकलच्या सीटवर जो भाग टेकतो, तिथे बधिरपणा आहे का? दोन्ही पायांत कळ आहे का? यातलं काहीही असेल तर धाग्यावर उत्तर देत बसू नका, आत्ता रात्री इमर्जन्सीला जा. शेपटीकडच्या सगळ्या नसा एकदम दबल्याची ती लक्षणं असतात. तिथे थांबायचं की नाही हा प्रश्नच नसतो, तासांचा हिशोब असतो.

गोदाकाठचा (मंगळ, २२:२५)

मीराताई, लघवीचं सगळं व्यवस्थित. सीटच्या जागी बधिरपणा नाही. एकाच पायात आहे. टाचांवर चालता येतंय.

पण ते टाच उचलण्याचं... उजवी पंधरा वेळा सहज. डावी उचलतच नाही. भिंतीवर जोर दिला तर जराशी वर येते, मग थरथरून खाली. बायको म्हणाली पुन्हा करा, पुन्हा तेच. पोटरीला हात लावून बघितला, डावी उजवीपेक्षा मऊ लागतेय. गेल्या आठवड्यापासून जिना चढताना डावी चप्पल फटफट वाजत होती, मला वाटलं दुखतंय म्हणून पाय नीट टाकत नसेन.

दुसऱ्या सर्जननी तीन आठवड्यांपूर्वी तपासलं तेव्हा चवड्यांवर चालायला लावलं होतं. तेव्हा जमलं होतं.

मीरा_फिजिओ (मंगळ, २२:४०)

तेव्हा जमत होतं आणि आता नाही. सकाळी उठल्या उठल्या त्याच सर्जनना फोन करा आणि फक्त हेच वाक्य सांगा. दुखण्याबद्दल नंतर.

खडूस_मास्तर (मंगळ, २२:५५)

आणि मी वर जे आकडे दिले ते तुम्हाला जसेच्या तसे लावू नका. त्या डच अभ्यासात पायाची ताकद फारच गेलेले रुग्ण मुळात घेतलेलेच नव्हते. ते आकडे दुखणाऱ्या पायाचे आहेत, लुळा पडत चाललेल्या पायाचे नाहीत.

निशिगंधा_के (मंगळ, २३:०१)

माझी टाच कायम उचलली जात होती. फिजिओ दर खेपेला तेच आधी तपासायची, मला कंटाळा यायचा. थांबा म्हणणं माझ्यापुरतं मागे घेते.

सुलभा_काकू (बुध, ०६:५०)

गोदाकाठचा, वैद्यांचं नंतर बघू. आज दाखवून ये आधी. आणि मोटरसायकलने जाऊ नकोस, रिक्षा कर.

गोदाकाठचा (बुध, २०:१५)

दाखवून आलो. रिक्षानेच, काकू, मागच्या सीटवर आडवा होऊन.

थांबा म्हणणारे जे होते त्याच सर्जनकडे गेलो. पाच मिनिटांत त्यांचं मत बदललं. घोट्यामागच्या शिरेवर हातोडी मारली, उजवं पाऊल हललं, डावं हललं नाही. म्हणाले, तेव्हा दुखणं होतं म्हणून थांबलो, आता ताकद जातेय, आता थांबण्यात शहाणपणा नाही. मी ठेच्यांच्या भाषेत विचारलं की घाई कशाची. तर म्हणाले, नस जितकी जास्त काळ दबून राहील तितकी परत सावरायची खात्री कमी. ऑपरेशननेही ताकद पूर्ण येईलच अशी हमी देत नाही, पण आणखी जाऊ नये यासाठी करायचं. एल४-एल५ ला हात लावणार नाहीत. स्क्रू नाहीत.

शुक्रवारी सकाळी घेताहेत. बापू, भीती वाटतेय हे कबूल करतो.

आता व्यवहाराचं. कंपनीचा ग्रुप विमा आहे, शिवाय गेल्या वर्षी मी स्वतःची एक पॉलिसी घेतली. दुसरी वापरता येईल का?

साधा_माणूस_ठाणे (बुध, २०:४०)

स्वतःची पॉलिसी तपासा. बऱ्याच पॉलिसींत काही ठरावीक आजारांना २४ महिने थांबावं लागतं, आणि मणक्याची चकती हमखास त्या यादीत असते. अपघाताने झालं असेल तर ती अट लागत नाही. शिंकेला अपघात म्हणत नाहीत, चहाटळ विचारायच्या आत सांगतो. ग्रुप विम्यात बहुतेक वेळा ही अट काढलेली असते. एचआरला विचारा आणि कॅशलेसची पूर्वमंजुरी उद्याच टाकायला सांगा.

चहाटळ (बुध, २०:४४)

मी खरंच विचारणार होतो.

टेकडीवरचा (बुध, २१:१०)

घरची तयारी: कमोड नसेल तर मेडिकलच्या दुकानात कमोडची खुर्ची भाड्याने मिळते, ती आणून ठेवा. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसणं सुरुवातीला अजिबात नको. रोजच्या वस्तू कंबर ते खांदा या उंचीत आणून ठेवा. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि हाताने रेटा देत उठायचं. हे आजपासूनच करून बघा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, इसबगोल ठेवा. ऑपरेशननंतर पहिली कळ मला तिथेच आली होती.

वडिलांना माझ्याशी फोनवर बोलायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दोनदा सुरी लागलेला माणूस आहे, खाटेला नाही.

बापू_करवीर (बुध, २१:१८)

आणि मला पण लाव फोन. अंबाबाई हाय पाठीशी.

गोदाकाठचा (रवि, १८:३०)

घरी आलो. उभ्या उभ्या टाइप करतोय, पण आता हौसेने.

पायातली कळ गेली. बापूंचं ‘शोधून सापडंना’ अगदी खरं. शुक्रवारी रात्री शिंक आली तेव्हा सवयीने पलंगाची कड घट्ट धरली, आणि काहीच झालं नाही. टाक्यांजवळ दुखतं, ते वेगळं दुखणं. तुकडा बराच मोठा निघाला, डब्यात घालून दाखवला. वडिलांनी तो निरखून बघितला आणि म्हणाले, एवढ्याशाने?

टाच मात्र अजून उचलत नाही. करंगळीकडचा तळवाही बधिर आहे. कळ गेल्याच्या आनंदात घरचे हे विसरलेत, मी विसरलो नाही.

मीरा_फिजिओ (रवि, १९:०५)

तसंच होतं दादा. दुखणं आधी जातं, ताकद महिन्यांच्या हिशोबाने येते, बधिरपणा सगळ्यात शेवटी. थोडा उरूही शकतो. टाके निघेपर्यंत नुसतं चालायचं, थोडं थोडं आणि वारंवार. पोटरीचे व्यायाम सर्जननी हिरवा कंदील दाखवला की. बसणं कमीत कमी.

निशिगंधा_के (रवि, १९:४०)

खूप बरं वाटलं वाचून. फक्त पुढे कुणी हा धागा शोधत येईल त्यांच्यासाठी: यांनी ऑपरेशन एमआरआयमुळे केलं नाही, दुखलं म्हणूनही नाही. पोटरी लुळी पडायला लागली म्हणून केलं. तसं नसेल तर थांबणं हाही उपचारच आहे.

बापू_करवीर (रवि, १९:५२)

ताई, माझी पोटरी चांगली होती. मी दुखतंय म्हणूनच केलं, अन् मला पश्चात्ताप न्हाई. सहा महिने सोसलं होतं.

खडूस_मास्तर (रवि, २०:१५)

बापूंच्या बाजूनेही एक अभ्यास आहे. कॅनडा, २०२०, १२८ रुग्ण. सगळ्यांचं दुखणं चार महिन्यांहून जुनं, वर्षाच्या आतलं. सहा महिन्यांनंतर दहापैकी पायदुखी किती हे विचारलं तर ऑपरेशनवाल्यांची सरासरी २.८, थांबलेल्यांची ५.२. म्हणजे दोन महिन्यांचं दुखणं आणि सहा महिन्यांचं दुखणं याला एकच नियम लावता येत नाही.

निशिगंधा_के (रवि, २०:२२)

हे मान्य. चौथ्या महिन्यात माझं वर सरकायला लागलं नसतं तर मीही केलं असतं.

नवखा_सोलापूर (सोम, २३:०५)

नमस्कार, सगळा धागा वाचला. माझ्या वडिलांचं मानेचं आहे, सी५-सी६ (मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यामध्ये). मानेला फार दुखत नाही, पण हल्ली शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, हातातून चमचा सुटतो. चालताना तोल गेल्यासारखं होतं. वय ६१ आहे, वयामुळे असेल ना? पट्टा लावला तर चालेल का?

चहाटळ (सोम, २३:०९)

मानेचा वेगळा धागा काढा राव, इथे कंबरवाले बसलेत.

मीरा_फिजिओ (सोम, २३:१४)

चहाटळ, थांब जरा. नवखा, धागा नंतर काढा. बटणं न लागणं, वस्तू हातातून सुटणं आणि तोल जाणं हे एकत्र असेल तर नुसती नस नाही, मानेतला मज्जारज्जू दबत असू शकतो. दुखत नाही म्हणून किरकोळ समजू नका. मानेला मालीश, झटके, ताण देणं सगळं बंद. उद्याच न्यूरोसर्जन किंवा मणक्याच्या सर्जनना दाखवा, आणि आत्ता मला लिहिलंत तेच तीन मुद्दे त्यांना सांगा. रात्री बाथरूमला जाताना त्यांच्यासोबत कुणीतरी जा.

नवखा_सोलापूर (सोम, २३:२०)

परवा मालीशवाल्याला बोलावलं होतं, त्याला नाही म्हणून कळवतो. सकाळी आठला नंबर लावतो.